एक वीत लेबल

त्या लेबलात मला पहिल्यांदा खटकली ती त्याची उंची. बाटलीच्या खांद्यापासून सुरू व्हायचं ते थेट बुडापर्यंत, आणि रुंदीला इतकं की दोन्ही कडा मागच्या बाजूला एकमेकींवर चढलेल्या. काच दिसायची ती फक्त मानेपुरती. धाकट्याला थोरल्याचा सदरा घालावा तसा सगळा प्रकार. जांभळ्या शाईत कोकमाची एक फांदी छापलेली होती, पण तिची फळं बघून कुणीही वांगी म्हटलं असतं. खाली 'घरगुती कोकम सरबत' आणि गावाचं नाव. बाकी भोवती मोकळा कागदच कागद.

ती बाटली माझ्या टेबलावर ठेवणारी बाई पंचेचाळिशीची असावी. मालवणहून आत, एसटीनं पाऊण तासावर तिचं गाव. घरामागे रातांब्याची झाडं होती, त्यांच्या कोकमांचं सरबत करून ती तालुक्यात विकायची. गणपती नुकतेच होऊन गेले होते. समुद्राकडच्या रस्त्यावरच्या एका दुकानदारानं तिला सांगितलं होतं, की दिवाळीपासून पर्यटक यायला लागतील, तोवर लेबल जरा बघण्यासारखं करून आण, मग तुझ्या बाटल्या पुढच्या फळीवर मांडतो. म्हणून ती माझ्याकडे आली होती. मी तिला काकी म्हणायला लागलो, ती मला बाबू.

साल दोन हजार दोन असेल, किंवा तीन. मी तेव्हा बाजारात बोर्ड रंगवायचो. होड्यांवरची नावं, दुकानांच्या पाट्या, नाट्यप्रयोगांचे कापडी फलक. कुडाळला एका डीटीपी सेंटरात जाऊन कॉम्प्युटरवरही हात बसवला होता, कारण फ्लेक्स येणार आणि आपल्या ब्रशला कुणी विचारणार नाही हे दिसायला लागलं होतं. अक्षरांच्या बाबतीत मी स्वतःला फार शहाणा समजायचो. मित्रांबरोबर गोव्याला गेलो की ते किनाऱ्यावर जायचे आणि मी दुकानांत बाटल्यांची लेबलं बघत उभा राहायचो. दुकानदाराला वाटायचं, याच्याकडे पैसे कमी आहेत. परदेशी बाटल्यांवरची लेबलं लहान असायची, काच मोकळी, आतला रंग दिसायचा. चांगलं लेबल म्हणजे लहान लेबल, हे माझ्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं होतं.

मी काकीला म्हटलं, याची उंची आपण निम्मी करू.

"ता लेबल मोठाच ठेव रे बाबू," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. तुमच्या सरबताचा रंग इतका सुरेख, तो कागदाखाली कशाला लपवता? गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी पितं. असं बरंच काही बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि लेबल मोठंच ठेव असं परत सांगितलं. जाताना पायरीवर थांबून तिसऱ्यांदा सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, गावाकडच्या माणसाला मोठं म्हणजे चांगलं वाटतं, पैसे वसूल झाल्यासारखं. हे माझं मी ठरवलं आणि त्यावर खूशही झालो.

तिच्या नवऱ्याला मी ओळखत होतो. म्हणजे बाजारात सगळेच ओळखत होते. चिऱ्याचं काम करणारा गवंडी. अर्ध्या बाजाराच्या भिंती त्याच्या हातच्या. ओळंबा न लावता नुसत्या नजरेनं चिरा सरळ बसवायचा आणि मग सांध्यावरून अंगठा फिरवून बघायचा. माझ्या दुकानाची मागची भिंतही त्यानंच बांधलेली, आणि मी तिच्यावर पट्टी धरून पाहिलेली आहे, कुठंही फुगवटा नाही. तो माणूस संध्याकाळी त्याच बाजारात कुठल्यातरी ओट्यावर आडवा पडलेला असायचा. लोक त्याला ओलांडून जायचे. मीही गेलेलो आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यानं दारू सोडली होती. ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवला, गुरवानं गाऱ्हाणं घातलं, वाडीतल्या चार जणांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. आमच्याकडे अशी गाऱ्हाणी पुष्कळ घातली जातात आणि त्यांतली पुष्कळशी पुढच्या शिमग्यापर्यंतही टिकत नाहीत, त्यामुळे बाजारानं त्याची फारशी दखल घेतली नाही. पण त्याचं टिकलं. तो कामावर जायचा बंद झाला, कारण काम सुटलं की सगळे गवंडी एकत्र बसायचे. बाजारात यायचाही बंद झाला, कारण वाटेत ओहोळावरचा साकव ओलांडला की पहिलं दुकान दारूचं. घरीच असायचा.

हे मला काकीनंच सांगितलं, दुसऱ्या खेपेला, मी काढलेलं कच्चं चित्र बघायला आली तेव्हा. सरबतात साखर किती घालते हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. घरी बसला खरा, पण हात थरथरायचे, आणि रिकामे राहिले की जास्तच. गोठ्याच्या मागे त्याच्याच रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडलेला होता, पाच-सहा वर्षांचा. तिनं एक दिवस त्याच्यासमोर पाण्याचं घमेलं आणि तो ढीग ठेवला आणि धू म्हणाली. त्यानं धुतल्या. मग धुतलेल्या बाटल्यांत काहीतरी भरायला हवं म्हणून सरबत. पहिल्या वर्षाचं सगळं सरबत त्याच बाटल्यांतून गेलं. पुढे ती भंगारवाल्याकडून बाटल्या आणायला लागली, पण त्याही त्याच कंपनीच्या, कारण आमच्या भागात तेव्हा तीच जास्त खपायची. तो धुवायचा, ती भरायची, आणि लेबल पुन्हा तो लावायचा. भाताच्या पेजेची खळ करून, एकेक, दिवसभर.

"सरबत खपला नाय तरी चलात," ती म्हणाली. "पण ह्येंचे हात थांबाक नको."

एवढं सगळं ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी चित्राबद्दल बोलत राहिलो.

दारूच्या बाटलीत सरबत, यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, हेही सांगायला हवं. जिल्ह्यात त्या काळात कोकमाचं आगळ, मध, फिनेल, खोबरेल तेल, सगळं दारूच्या बाटल्यांतूनच घरोघरी पोचायचं. आमच्या देवघरातलं समईचं तेलही अशाच एका चपट्या बाटलीत असे आणि आईनं तिच्यावरचा कागद फक्त खरवडून काढला होता. त्या सरबताच्या बाटलीवर मात्र दारूचं नाव कागदावर नव्हतं. काचेतच अक्षरं उठवलेली होती. खांद्याजवळ गोलाकार कंपनीचं नाव, बुडाजवळ दारूचं नाव. मापासाठी काकीनं दिलेल्या रिकाम्या बाटलीवर ती अक्षरं मी पाहिली होती, बोटांनी चाचपलीही होती. माझ्या हिशेबी ती अडचण नव्हती. लांबून दिसत नाहीत, असं म्हणून मी ती सोडून दिली.

लेबल मी चार बोटं उंचीचं केलं. कोकमाचं एकच फळ, अर्धं कापलेलं, आतल्या पाकळ्या दिसतील असं. ते मी आधी हातानं रंगवलं, मग कुडाळला स्कॅन केलं. अक्षरं जाड, काळी, थोडी तिरकी. छपाई कोल्हापूरला, चार रंगांत, चकचकीत कागदावर. गठ्ठे एसटीच्या पार्सलनं आले तेव्हा मी डेपोतच एक फोडून पाहिला. आजवर बोर्डाखाली मी कोपऱ्यात बारीक सही करत आलो होतो. या लेबलावर सहीला जागा नव्हती याचं मला वाईट वाटलं, इतका मी खूश होतो.

काकी घ्यायला आली. तिनं एक लेबल उचललं, टेबलावर पसरलं आणि त्याच्यावर हाताची वीत टाकली. जुनं लेबल बरोबर तिच्या एका वितीचं होतं. हे निम्म्या वितीपर्यंतही पोचलं नाही.

ल्हान झालं, एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, बाटलीवर लागलं की बघा. छापून तर झालेलं होतं. तिनं गठ्ठे पिशवीत भरले आणि दीडची गाडी पकडली.

दुकानात त्या बाटल्या फार देखण्या दिसत. दिवाळीनंतर मी दोन-तीनदा मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. दुकानदारानं शब्द पाळला होता, पुढच्या फळीवर, उजेडाकडे तोंड करून एक रांग मांडली होती. सकाळचं ऊन पाठीमागून आलं की सरबत पेटल्यासारखं लाल दिसायचं. पुण्या-मुंबईची माणसं गाडीतून उतरली की आधी तिकडेच हात करायची. लेबल कुणी केलं असं पुण्याच्या एकानं विचारल्याचं दुकानदारानं मला सांगितलं, आणि मी ते घरी दोनदा सांगितलं.

डिसेंबरात एक दिवस काकी आली. हातात बाटली नव्हती, पिशवीही नव्हती. बसली नाही. जुनं लेबल परत छापून देशील का, असं विचारलं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दुकानदाराचं नाव सांगितलं, गिऱ्हाइकांचं सांगितलं, त्या पुण्याच्या माणसाचंही सांगितलं. आता ऐन मोसमात लेबल बदलणं म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. ती ऐकत उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं, हे मी पाहिलं, पण ते मला लेबलाशी संबंधित वाटलं नाही. बोलून बोलून मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "तू घराक येवन बघ. मगे काय ता ठरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. साकवापर्यंत मोटारसायकल, पुढे पायवाट. ओहोळाला घोट्याएवढं पाणी होतं. घर शेणानं सारवलेलं, स्वच्छ, पुढच्या पडवीत कोकमांच्या बरण्या. मागच्या दारी न्हाणीजवळ तो बसला होता.

त्याच्या दोन गुडघ्यांत एक बाटली उभी धरलेली होती. उजव्या हातात कोयते पाजळायच्या दगडाचा तुकडा, शेजारी नारळाच्या करवंटीत पाणी आणि बारीक रेती. दगड पाण्यात बुडवायचा, रेतीवर टेकवायचा आणि काचेवरच्या अक्षरांवर घासायचा. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी त्यानं वर पाहिलं नाही. उजव्या हाताच्या तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि त्या ओल्या होत्या. डाव्या बाजूला घासून झालेल्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या. अक्षरांच्या जागी नुसता पांढरट डाग होता, पण अक्षरं त्यातून कळतच होती. उजव्या बाजूला घासायच्या राहिलेल्या. त्या मी मोजल्या नाहीत. पुष्कळ होत्या.

काकीनं मला पडवीत बोलावलं आणि पाणी दिलं. मग काय झालं ते सांगितलं.

नवी लेबलं आली तेव्हा त्यानं पहिली बाटली घेतली, खळ लावली, लेबल मधोमध बसवलं. सरळच बसवलं, त्याला वाकडं बसवताच येत नाही. मग बाटली समोर ठेवून नुसता बघत राहिला. वर एक नाव, खाली एक नाव, मधे कोकम. दुसऱ्या बाटलीला त्यानं लेबल खाली लावून पाहिलं, तर खांद्यावरचं उघडं राहिलं. वर लावलं तर बुडाचं. जुनी लेबलं थोडी उरली होती ती त्यानं आधी संपवली, आणि दुकानाला द्यायच्या बाटल्यांना नवी लेबलं काकीनं लावली. मग दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठला, सदरा घातला आणि काही न बोलता बाजाराच्या वाटेला लागला. तीन वर्षांत पहिल्यांदा. ती हातातलं काम टाकून मागून गेली, हाक मारली नाही. साकवावर जाऊन तो थांबला. तिथून पलीकडच्या दारूच्या दुकानाची पाटी दिसते. कठड्याला धरून पुष्कळ वेळ उभा राहिला. ती अलीकडे फणसाच्या झाडाआड उभी राहिली. मग तो वळला, तिच्या अंगावरून तसाच घरी आला, तिला पाहिल्याचं दाखवलंही नाही. आल्यावर त्यानं पाजळायचा दगड फोडला आणि त्याचा एक तुकडा घेऊन बसला. तेव्हापासून बसलेलाच होता. एका बाटलीला दुपार जायची. घासलेल्या बाटल्या गरम पाण्यात घातल्या की निम्म्या तडकायच्या. तेही त्याला सांगून झालं होतं.

मी म्हटलं, काकी, ते नाव गिऱ्हाइकापासून लपवायचं होतं. तेवढं तरी सांगायचं होतं मला.

"गिरायकांक सगळ्यांकच ठावक आसा, बाटली खंयची ती," ती म्हणाली. "माका गिरायकांचा पडलेला नाय. ह्ये दिवसभर ता नाव समोर घेवन बसतत, बाबू. एक लेबल लावला की एक नाव मोडला, असा म्हणत. आता लेबल लावला तरी नाव आपला तसाच."

मला लाज वाटली. दुसरा कुठलाही शब्द इथं मला सुचत नाही. तिनं तीनदा सांगितलं होतं आणि मी एकदाही का म्हणून विचारलं नव्हतं. त्या माणसानं माझी भिंत सरळ बांधून दिली होती, आणि मी त्याला ओट्यावर ओलांडून गेलो होतो ते वेगळंच.

उठून मी मागच्या दारी गेलो. उजवीकडची एक बाटली उचलली आणि खिशातली टेप काढली. खांद्यावरच्या अक्षरांच्या वर अर्धं बोट, बुडाच्या अक्षरांच्या खाली अर्धं बोट, आणि घेर अधिक दोन बोटं. लिहून घेतलं. जुन्या लेबलाचं माप नेमकं हेच होतं. ज्यानं कुणी ते छापलं होतं त्यानं बाटली हातात घेऊन माप घेतलं होतं, किंवा तिनं वीत टाकून दाखवली होती आणि त्यानं गप्प ऐकलं होतं.

तो तोवर घासतच होता. मी म्हटलं, चार दिवस थांबा, मोठं लेबल घेऊन येतो. त्यानं मान हलवली की नाही ते मला कळलं नाही. दगड थांबला नाही.

कोल्हापूरला जायला वेळ नव्हता. बाजारातल्या ट्रेडल मशीनवरच छापायचं ठरवलं. माझ्या फळाचं चित्र त्या मशीनवर नीट उतरेना, लाल रंगाचा नुसता गोळा दिसायला लागला, तेव्हा ते काढून टाकलं. प्रेसवाल्याकडे जुन्या फांदीचा ब्लॉक होता. तोच लावला. जांभळी शाई, साधा कागद, तीच वांगी. अक्षरं तेवढी मी नव्यानं काढून दिली, आणि खरं सांगायचं तर ती जुन्यापेक्षा काही फार चांगली दिसत नव्हती. छपाईचा खर्च माझ्याकडून असं मी काकीला आधीच सांगून ठेवलं होतं. ती नको म्हणाली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी गठ्ठा घेऊन गेलो. तो न्हाणीजवळच होता. मी गठ्ठा त्याच्या शेजारी ठेवला आणि दोरी सोडली. त्यानं दगड खाली ठेवला, हात धुतले, चिंध्या पिळल्या. काकीनं खळीची वाटी आणून ठेवली आणि ती दारातच उभी राहिली.

त्यानं एक बाटली घेतली, न घासलेली. लेबलाला मागून खळ लावली, बाटली आडवी धरून कागद तिच्यावर गुंडाळला, मधून कडेकडे दाबत नेला. बाटली उभी करून लांब धरली. सरळ होतं. दोन्ही नावं गेली होती. माझ्या मनात आलं की झालं, संपलं.

मग त्यानं अंगठा फिरवला. चिऱ्याच्या सांध्यावरून फिरवायचा तसा, आधी खांद्यावर, मग बुडाशी. अंगठा एका जागी थांबला, मागे आला, परत गेला. कागद पातळ होता. खाली अक्षरं होतीच.

"अजून हाताक लागता," तो म्हणाला. त्याचा आवाज मी इतक्या वर्षांत तेव्हा पहिल्यांदा जवळून ऐकला.

त्यानं दुसरं लेबल उचललं, त्याला खळ लावली आणि पहिल्यावर बरोबर बसवलं, कडेला कड लावून. परत अंगठा फिरवला. या खेपेला थोडा वेळ घेतला. मग ती बाटली डावीकडे ठेवली आणि पुढची घेतली.

पुढच्या आठवड्यात काकी बाटल्या घेऊन दुकानात गेली तेव्हा दुकानदार वैतागला. चांगलं चाललेलं मोडून पुन्हा बारदान गुंडाळून आणलंस, असं त्यानं तिला ऐकवलं. पुढच्या फळीवर कुणा दुसऱ्याचं आवळा सरबत गेलं आणि तिच्या बाटल्या खालच्या फळीवर, तांदळाच्या पोत्याशेजारी आल्या. मी ते बघून आलो आणि मला तिच्यापेक्षा जास्त लागलं. तिला म्हटलं, दुकानदाराला कारण सांगू का? ती नको म्हणाली. वाकान घेवचा लागला तर घेवंदेत, म्हणाली.

खालच्या फळीवरूनही बाटल्या विकल्या गेल्या. वरून जायच्या तेवढ्या नाही, पण गेल्या. चार बोटांची लेबलं उरली ती तिनं माझ्याकडे परत आणून दिली. मी त्यांच्या पाठीवर बोर्डांचे हिशेब लिहिले आणि दोन पावसाळ्यांत संपवली. मोठं लेबल मात्र दरवर्षी छापायचं माझ्याकडे आलं. बाटल्यांचा आकडा काकी सांगायची आणि मी प्रेसवाल्याला त्याच्या दुप्पट सांगायचो. तो एकदा म्हणाला, एवढी लेबलं वाया जातात तरी कशी? मी म्हटलं, जातात.

नवऱ्यानं पुन्हा घेतली की नाही, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. बाजारात तरी तो कुणाला दिसला नाही, आणि आमच्या बाजारात अशी गोष्ट लपत नाही. एक-दोनदा मी गेलो तेव्हा तो मागच्या दारीच होता, ओळीनं बाटल्या, वाटीत खळ. बोटं बरी झाली होती. माझ्याकडे बघून मान हलवायचा. मला तेवढं पुरायचं.

सहा-सात वर्षांनी प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. काच जड, फुटते, भंगारवालाही पूर्वीसारखी देईना. काकीनं कोल्हापूरहून नव्या बाटल्या मागवल्या, स्वच्छ, गुळगुळीत, कुठं एक अक्षर नाही. एव्हाना माझं ब्रशचं काम संपलं होतं आणि दुकानात फ्लेक्सची ऑर्डर घ्यायला मी एकटाच बसायचो. ती आली, बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली की आता ल्हान चलात, तुझा ता कोकम काढ परत.

मी जुनी फाईल शोधली. कॉम्प्युटर दोनदा बदलला होता, पण ती जपून ठेवली होती. चार बोटं उंचीचं, अर्धं कापलेलं फळ, जाड तिरकी अक्षरं. नमुन्याची दहा-बारा छापून मी स्वतःच घेऊन गेलो. बाटल्या न्हाणीजवळ तशाच मांडलेल्या होत्या. तो आता पुष्कळ वाकला होता. त्यानं एक बाटली घेतली आणि आधी कोऱ्या प्लॅस्टिकवरून अंगठा फिरवला, खांद्यापासून बुडापर्यंत, सगळीकडून. हाताला काही लागणारच नव्हतं. मग माझं लेबल घेऊन मधोमध बसवलं. ऊन पाठीमागून येत होतं. ते तसंच दिसलं जसं मला इतकी वर्षं हवं होतं.

त्यानं बाटली लांब धरून पाहिली. सरळ होतं. मग खळीत बोट बुडवलं, दुसरं लेबल उचललं आणि पहिल्यावर कडेला कड लावून बसवलं. अंगठा फिरवला आणि बाटली डावीकडे ठेवली.

मी काकीकडे बघितलं. ती कोकमं निवडत होती. तिनंही ते पाहिलं होतं.

"दोन दोनच छाप," ती म्हणाली.

मी चार बोटांचंच लेबल छापलं, आणि दुप्पट छापलं.